हेल्मेटच्या आधी करार: डाफ्ट पंकच्या कारकिर्दीविषयी एका नव्या जोडीला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही आणि तुमचा मावसभाऊ कोल्हापुरात घराच्या माडीवर तीन वर्षांपासून हाउस म्हणजे क्लबात नाचण्यासाठीच्या यंत्रसंगीताचे ट्रॅक तयार करत आहात, डाफ्ट पंक ही याच संगीतातली फ्रेंच जोडी तुमचे दैवत आहे, आणि त्यांच्यासारखी दिव्यांची हेल्मेटे करून घेण्यासाठी तुम्ही प्रत्येकी अठरा हजारांचा अंदाजही काढून ठेवला आहे. चेहरे झाकून सुरुवात करावी का, हा तुमचा पहिला प्रश्न. ज्या जोडीने अठ्ठावीस वर्षांत स्टुडिओत केलेले फक्त चार अल्बम काढले ती एवढी मोठी कशी झाली, हा दुसरा. शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, एका म्युझिक कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे ठेवला आहे, त्यात दरमहा एक गाणे द्यायचे आहे आणि सगळे हक्क कंपनीकडे जाणार आहेत. माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही तिथूनच निघतात.

मी पुण्यात बावीस वर्षे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचे काम करते. भावगीतांचे अल्बम, जाहिरातींच्या जिंगल्स, चित्रपटगीते आणि अलीकडे बरेचसे नृत्यसंगीत हाताखालून गेले आहे. डाफ्ट पंकविषयी मी लिहिते ते थोडे चाहती म्हणून आणि जास्त याच धंद्यातली एक म्हणून. एक गोष्ट आधीच मान्य करते. नव्वदच्या दशकातले पॅरिस, त्या वेळी नुकतेच भरात आलेले रेव्ह म्हणजे रात्रभराच्या नाचमेळाव्यांचे संगीत आणि त्या दोघांपैकी एकाच्या घरी असलेले अनुभवी वडील यांपैकी काहीही तुमच्या वाट्याला येणार नाही, त्यामुळे त्यांनी केले ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. काय उचलता येईल एवढेच पाहू.

मुखवट्याचे आधी उरकून टाकते. तोमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो यांची ओळख १९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत झाली आणि डाफ्ट पंक हे नाव त्यांनी १९९३ मध्ये घेतले. रोबोटची ती प्रसिद्ध हेल्मेटे मात्र लोकांनी पाहिली २००१ मध्ये, ‘डिस्कव्हरी’ या दुसऱ्या अल्बमच्या वेळी. मधल्या काळात ते फोटोंसाठी नाना प्रकारचे मुखवटे लावत, पण उघड्या चेहऱ्याचे त्यांचे जुने फोटो आजही सापडतात. ९ सप्टेंबर १९९९ रोजी स्टुडिओतल्या सॅम्पलरचा, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा, स्फोट झाला आणि शुद्धीवर आल्यावर आपण रोबोट झालो होतो, ही कथा त्यांनी स्वतःच मुलाखतींतून गंभीर चेहऱ्याने सांगितली, आणि हेल्मेटे घडवून घेतली ती हॉलिवूडमध्ये चित्रपटांसाठी असली कामे करणाऱ्या टोनी गार्डनर यांच्या कार्यशाळेकडून. म्हणजे त्यांनी चेहरा लपवला तेव्हा तो चेहरा कोणाचा हे जाणून घेण्याची इच्छा असलेले लोक आधीच तयार झालेले होते. ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याने तोंड झाकले तर कोणाचे कुतूहल चाळवणार? माझ्याकडे काम करून गेलेल्या एका जोडीने हा प्रयोग केला होता. मे महिन्यात लोणावळ्याच्या एका लॉनवर घामाने हेल्मेटची काच आतून धुरकटली, त्यातल्या एकाने आवाज कमी करण्याऐवजी पुढचा ट्रॅकच सुरू केला, आणि उरलेला तासभर दोघांनी हेल्मेटे काखेत धरून वाजवले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. डाफ्ट पंकच्या आधी हे दोघे लोराँ ब्रांकोवित्झ या मित्राबरोबर ‘डार्लिन’ नावाचा गिटारचा बँड चालवत होते. स्टिरिओलॅब या बँडच्या छोट्या कंपनीने त्यांची दोन गाणी एका रेकॉर्डमध्ये घेतली, आणि ‘मेलडी मेकर’ या इंग्लिश साप्ताहिकातल्या समीक्षकाने त्यांच्या संगीताला ‘वेडगळ पंक धिंगाणा’ अशा अर्थाचा टोमणा मारला. बँड मोडला. ब्रांकोवित्झ पुढे फिनिक्स या बँडमध्ये गेला आणि उरलेल्या दोघांनी त्या टोमण्यातले दोन शब्द उचलून आपल्या दारावर पाटी म्हणून लावले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात रुसवा नाही, व्यवहार आहे: नाव फुकट मिळाले होते आणि लक्षात राहण्यासारखे होते.

१९९३ मध्येच पॅरिसजवळच्या युरोडिस्ने या करमणूक उद्यानात झालेल्या एका रेव्हमध्ये त्यांनी आपल्या कामाची टेप ग्लासगोच्या सोमा या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टुअर्ट मॅकमिलन यांच्या हातात दिली. सोमा ही डीजे मंडळींनीच चालवलेली छोटी कंपनी होती. तिने १९९४ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड काढली आणि १९९५ मध्ये ‘डा फंक’ हा ट्रॅक. ‘डा फंक’च्या पहिल्या खेपेला फक्त २,००० प्रती काढल्या होत्या. त्या प्रती मोजक्या डीजेंपर्यंत पोहोचल्या, केमिकल ब्रदर्स या इंग्लिश जोडीसारख्यांनी तो ट्रॅक आपल्या कार्यक्रमांत वाजवायला सुरुवात केली, आणि मग मोठ्या कंपन्या या दोन विशीतल्या मुलांच्या दारात उभ्या राहिल्या. इथे क्रम लक्षात घ्या. मोठ्या कंपनीशी बोलायला बसण्याआधी त्यांच्याकडे लोक नाचत असलेला एक ट्रॅक होता, आणि त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याची ऐपत होती. तुमच्याकडे आज तसा एखादा ट्रॅक आहे की नाही, यावर माझ्या पुढच्या सल्ल्याचा बराच भाग अवलंबून आहे, आणि ते मला तुमच्या प्रश्नावरून कळत नाही.

१९९६ मध्ये त्यांनी व्हर्जिन या कंपनीशी करार केला. त्यांनी डाफ्ट ट्रॅक्स नावाची स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती आणि मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तिच्याकडेच ठेवली. व्हर्जिनला ती विकण्याचा परवाना मिळाला. शेत विकणे आणि शेत खंडाने देणे यात जो फरक आहे, तोच हा फरक. खंडाने घेणारा पीक काढेल, बाजारात नेईल, त्यावर कमावेल, पण सातबारा तुमच्या नावाने राहतो आणि मुदत संपली की जमीन परत येते. शिवाय संगीत कसे असेल, व्हिडिओ कोण करील आणि आपले चेहरे दिसतील की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी स्वतःकडे ठेवला. तुम्हाला जे हेल्मेट दिसते ते या अधिकाराचे टोक आहे. कलाकाराचा चेहरा विकून माल खपवणे हा म्युझिक कंपन्यांचा नेहमीचा मार्ग असताना, चेहरा द्यायला नकार देणारा कलाकार कंपनीला कराराने बांधूनच ठेवू शकतो.

विशीतल्या पोरांना हे शहाणपण कुठून आले, याचे उत्तर तोमाच्या घरात आहे. त्याचे वडील डॅनियल व्हांगार्द हे सत्तर-ऐंशीच्या दशकातले यशस्वी डिस्को गीतकार आणि निर्माते. ओटावान या जोडीचे ‘डी.आय.एस.सी.ओ.’ हे गाणे त्यांचेच, जे आपल्याकडच्या लग्नाच्या वरातींतही वाजून झिजले आहे. याच ओटावानचे ‘ते ओके’ हे फ्रेंच गाणे एकदा ऐका आणि मग १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधले ‘जिमी जिमी जिमी आजा’ ऐका, सुरावटीतले साम्य लपत नाही. थोडक्यात, डाफ्ट पंकच्या आधी त्यातल्या एकाचे वडील आपल्या घरात येऊन गेले होते. तर या वडिलांनी मुलांना धंद्याच्या खाचाखोचा समजावल्या आणि ‘होमवर्क’ या अल्बमच्या आभारांत त्यांचे नावही आहे. तुम्हाला असे वडील नसतील तर त्यांची जागा वकिलाने भरून काढावी लागते. ती महाग पडते असे वाटत असेल तर माझे ऐका: मी सव्वीस वर्षांची असताना एका छोट्या म्युझिक कंपनीसाठी केलेल्या आठ वाद्यरचनांचा करार न वाचता सही करून दिला. त्यातली एक रचना पुढे तीन-चार वर्षे मोबाइलच्या कॉलर ट्यूनमध्ये सर्रास वाजत होती. रिक्षावाल्याला फोन केला तरी माझीच सुरावट ऐकू यायची आणि मला त्यातून एक रुपया मिळाला नाही. करारात तशी अटच होती. कंपनीने फसवले असे मी म्हणू शकत नाही, सही माझी होती.

‘होमवर्क’ हा पहिला अल्बम जानेवारी १९९७ मध्ये आला. नाव शब्दशः खरे आहे, कारण तो तोमाच्या पॅरिसमधल्या घरी, झोपायच्या खोलीत तयार झाला. तुमच्या माडीशी त्याचे नाते जोडायचे तर इथे जोडा. त्यांच्याकडची यंत्रे साधीच होती: रोलँड कंपनीचे ९०९ हे तालयंत्र, बेससाठी काढलेले आणि बाजारात सपशेल पडलेले ३०३, एखाद-दुसरा सॅम्पलर. (याच ३०३ वर मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच राग वाजवून एक आख्खी रेकॉर्ड काढली होती. ती कोणी विकत घेतली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर युरोपातले लोक तोंडात बोट घालून बसले. ज्यांना आपल्याकडे परंपरा नाही असे वाटते त्यांच्यासाठी हे सांगितले.)

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी या अल्बममधले ‘अराउंड द वर्ल्ड’ पहिल्याच आठवड्यात ऐकवते आणि मोजायला लावते. अल्बममधल्या सात मिनिटांच्या गाण्यात ते तीन शब्द १४४ वेळा येतात आणि त्यांच्याखेरीज एकही शब्द नाही. मग कंटाळा का येत नाही? त्याचे उत्तर मिशेल गाँद्री या दिग्दर्शकाने केलेल्या व्हिडिओत डोळ्यांना दिसते. त्यात नाचणाऱ्यांचे पाच गट आहेत आणि प्रत्येक गट एकेक वाद्य आहे: रोबोट म्हणजे तो यांत्रिक आवाज, पायऱ्या चढणारे-उतरणारे खेळाडू म्हणजे बेस, पोहण्याच्या टोप्या घातलेल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार आणि ममी म्हणजे तालयंत्र. बेसचा सूर वर गेला की खेळाडू पायरी चढतात. आवाज बंद करून तो व्हिडिओ पाहिला तरी कोणते वाद्य कधी आले, कधी गप्प बसले आणि कोणाला जागा करून दिली, हे कळते. नव्या मुलांच्या ट्रॅकमध्ये बहुतेकदा सगळे गट एकाच वेळी नाचत असतात. तुम्ही पाठवलेल्या तीन ट्रॅकपैकी दुसऱ्यात नेमके हेच झाले आहे. चौथ्या मिनिटाला त्यात अकरा वाद्ये आहेत आणि त्यातले एकही ऐकू येत नाही.

याच अल्बममध्ये ‘टीचर्स’ नावाचा एक ट्रॅक आहे, ज्यात आपल्या गुरूंची नुसती नावे एकामागून एक घेतली आहेत. बरीचशी नावे शिकागो-डेट्रॉइटच्या हाउस आणि टेक्नोवाल्यांची, त्यातच पॉपवाले ब्रायन विल्सन आणि रॅपवाले डॉक्टर ड्रे. त्या यादीतल्या टॉड एडवर्ड्स आणि रोमँथनी यांच्याबरोबर त्यांनी चार वर्षांनी ‘डिस्कव्हरी’त प्रत्यक्ष काम केले. शिकागोच्या कृष्णवर्णीय क्लबांतून आलेले हे संगीत आपण शोधले असा आव त्यांनी कधी आणला नाही. आमच्या घराणेदार गायकीत कानाच्या पाळीला हात लावून गुरूचे नाव घेतात, त्याची आठवण होते.

‘डिस्कव्हरी’ने त्यांना जगभर नेले. नोव्हेंबर २००० मध्ये आलेले ‘वन मोअर टाइम’ तुम्ही शंभरदा ऐकले असेल. आता एकदा हेडफोन लावून फक्त ठेक्याच्या मागे काय होते ते ऐका. प्रत्येक ठेका पडला की मागचे ट्रम्पेटसारखे सूर क्षणभर खाली बसतात आणि पुढच्या ठेक्याच्या आत पुन्हा वर येतात, लोहाराच्या भात्यासारखे. ठेक्याचा आवाज कॉम्प्रेसरला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या यंत्राला, खूण म्हणून द्यायचा आणि त्या खुणेवर बाकीच्या संगीताला दाबायचे, अशी ही युक्ती आहे. ती त्यांनी शोधली नाही, पण त्यांच्यानंतर ती सगळ्यांची झाली. अलेसिस ३६३० हा त्यांच्या नावाशी जोडला गेलेला कॉम्प्रेसर त्या काळातला अगदी स्वस्तातला होता आणि स्टुडिओवाले त्याला नाक मुरडत. महागडे यंत्र नाही म्हणून आपला आवाज तसा येत नाही, ही तक्रार त्यामुळे मला फारशी पटत नाही.

या अल्बममधल्या सॅम्पलविषयी, म्हणजे जुन्या मुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांविषयी, मात्र सावधगिरीचा एक शब्द. ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’च्या पोटात एडविन बर्डसाँग यांचे १९७९ चे गाणे आहे, ‘डिजिटल लव्ह’मध्ये जॉर्ज ड्यूक यांचे, आणि दोघांनाही श्रेय मिळाले आहे. ‘वन मोअर टाइम’मधले ते सूर एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ च्याच गाण्यातून आले. त्या गायकापर्यंत मात्र त्याचे पैसे वीस वर्षे पोहोचले नव्हते आणि तो दरम्यान अमेरिकेत बेघर अवस्थेत दिवस काढत होता, हे २०२१ मध्ये उजेडात आले. माझ्या आवडत्या गाण्याला लागलेला हा डाग आहे आणि तो मी झाकणार नाही. तुमच्या पहिल्या ट्रॅकमध्ये जुन्या मराठी चित्रपटगीताच्या चार ओळी आहेत. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची वेगळी आणि गीत-संगीताच्या हक्कधारकाची वेगळी, अशा दोन परवानग्या लागतील. त्या मिळेपर्यंत तो ट्रॅक कोठेही चढवू नका.

अपयशाचा भागही पाहायला हवा, कारण चाहते तो गाळतात. ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ हा तिसरा अल्बम त्यांनी जेमतेम दीड महिन्यात केला आणि तो २००५ मध्ये आला. समीक्षकांनी त्याला कंटाळवाणा आणि उरकलेला म्हटले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘इलेक्ट्रोमा’ हा जवळपास निःशब्द चित्रपट काढला, तोही मोजक्यांनीच पाहिला. मलाही तो अल्बम तेव्हा आवडला नव्हता. दोन-तीन तुकडे तेच ते घासत राहतात असे वाटले होते.

मग एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात, मुख्य मंचावर नव्हे तर सहारा नावाच्या तंबूत, ते दिव्यांनी झगमगणाऱ्या एका पिरॅमिडच्या टोकाशी उभे राहिले आणि पुढचा तासभर त्यांनी आपलीच गाणी मोडून एकमेकांत गुंफली. ज्या तुकड्यांना लोकांनी कंटाळवाणे म्हटले होते ते तुकडे इथे खांब झाले आणि त्यांच्यावर ‘होमवर्क’ आणि ‘डिस्कव्हरी’ची गाणी छपरासारखी बसली. जून २००७ मध्ये पॅरिसच्या बेर्सी सभागृहात मुद्रित झालेला ‘अलाइव्ह २००७’ ऐकला की हे कळते. एका गाण्याचा ताल, दुसऱ्याचा बेस आणि तिसऱ्याचा गळा एका वेळी चालू असतात आणि तरी गर्दी वाटत नाही, कारण मुळात प्रत्येक गाणे मोजक्या वाद्यांत बांधलेले आहे. २००९ मध्ये या अल्बमला आणि त्यातल्या ‘हार्डर, बेटर’च्या मुद्रणाला ग्रॅमी मिळाले. दहा-बारा वर्षांत केलेल्या आपल्या सगळ्या गाण्यांवर अशी करवत चालवता येते ती गाणी आपलीच असतील तरच, असे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून म्हणते. माझ्या त्या आठ रचनांपैकी एकीचा नवा अवतार मला करायचा होता, तेव्हा परवानगीच मिळाली नाही.

एवढ्या यशानंतर त्यांनी पुन्हा दौरा काढला नाही. संपूर्ण कारकिर्दीत दोनच मोठे दौरे: एक १९९७ चा आणि दुसरा हा २००६-०७ चा. चारच अल्बम का पुरले या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, त्यांनी प्रत्येक वेळी मागणी जोरात असताना दुकान बंद केले, आणि ते परवडावे म्हणून आधीच्या गाण्यांचे उत्पन्न चालू राहील अशी सोय पहिल्या करारातच करून ठेवली होती. २००७ मध्ये रॅपर कान्ये वेस्टने ‘हार्डर, बेटर’ घेऊन ‘स्ट्राँगर’ केले, तेव्हा सहा वर्षांपूर्वीचे ते गाणे पुन्हा बाजारात आले आणि त्या दोघांना स्टुडिओत पाऊलही टाकावे लागले नाही.

२०१३ चा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ हा माझ्या व्यवसायातल्या लोकांचा लाडका अल्बम. त्याआधी २०१० च्या ‘ट्रॉन: लेगसी’ या चित्रपटासाठी त्यांनी लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदाबरोबर काम केले होते आणि माणसांकडून वाजवून घेण्याची चव त्यांना लागली होती. ज्या काळात सगळे जग लॅपटॉपवर त्यांची नक्कल करत होते त्या काळात हे दोघे ओमार हकीम आणि जॉन रॉबिन्सन यांना ड्रमवर, नेथन ईस्ट यांना बेसवर आणि नाइल रॉजर्स यांना गिटारवर घेऊन लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या जुन्या स्टुडिओंत टेपवर मुद्रण करत बसले. ज्यांची सारी ओळख सॅम्पलवर उभी, त्यांच्या या अल्बममध्ये सॅम्पल एकच आहे, शेवटच्या गाण्यात.

त्यातला एक प्रसंग मी मुलांना नेहमी सांगते. डिस्कोचे जुने जाणते जॉर्जियो मोरोडर यांना त्यांनी नुसते बोलायला बोलावले. मोरोडर स्टुडिओत गेले तर समोर तीन वेगवेगळे माइक लावलेले. साठच्या दशकातल्या आठवणींसाठी त्या काळातला माइक, सत्तरच्या दशकासाठी त्या वेळचा आणि आताच्या गोष्टींसाठी आजचा. हा फरक ऐकणाऱ्या कोणाला कळणार आहे, असे मोरोडरांनी विचारले तेव्हा इंजिनिअर म्हणाला की, कोणालाच नाही, पण त्या दोघांना कळेल. नऊ मिनिटांच्या त्या गाण्यात म्हातारबुवांचे बोलणे संपून सिंथेसायझर सुरू होतो आणि शेवटाकडे हकीम यांचे ड्रम सुटतात, तेव्हा मिक्सिंगमध्ये मोकळी सोडलेली जागा ऐकण्यासारखी आहे. आवाज भिंतीसारखा दाबून सपाट केलेला नाही, त्यामुळे ड्रमवर जोरात पडलेला घाव खरोखर जोरात वाटतो. जानेवारी २०१४ मध्ये अल्बमला आणि त्यातल्या ‘गेट लकी’ या गाण्याला मिळून पाच ग्रॅमी मिळाली. त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान होता आणि ध्वनिमुद्रणाचाही होता. आमच्या स्टुडिओत त्या दिवशी पेढे आले ते या दुसऱ्यासाठी. जाहिरातीची गंमत अशी की, जगातल्या सगळ्या राजधान्या सोडून त्यांनी या अल्बमचा शुभारंभ ऑस्ट्रेलियातल्या वी वा नावाच्या, कापूस पिकवणाऱ्या एका खेड्यातल्या कृषी प्रदर्शनात केला.

त्यानंतर ‘द वीकेंड’ या गायकाबरोबर दोन गाणी आली आणि त्यातले ‘स्टारबॉय’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘एपिलॉग’ नावाचा आठ मिनिटांचा व्हिडिओ आला. त्यातली दृश्ये त्याच पडलेल्या ‘इलेक्ट्रोमा’मधली: वाळवंटात एक रोबोट दुसऱ्याच्या पाठीवरचे बटण दाबतो आणि चालत दूर गेलेला तो रोबोट फुटून जातो. खाली दोन साले, १९९३ आणि २०२१. तेव्हा कारणे सांगितली नाहीत, मुलाखत दिली नाही. तोमाने पुढे बोर्दोच्या ऑपेरासाठी एका बॅलेचे संगीत लिहिले आणि २०२३ मध्ये ते प्रसिद्ध करताना उघड्या चेहऱ्याने समोर आला. त्याच वर्षी ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ची दशकपूर्तीची आवृत्ती निघाली आणि नंतर ड्रम काढून टाकलेली आणखी एक. जोडी मोडल्यावरही जमीन पीक देतेच आहे.

आता तुमचा करार. इथे कायद्याची बाजू थोडी तुमच्याकडून आहे. माडीवर स्वतःच्या खर्चाने केलेल्या ध्वनिमुद्रणाचे निर्माते तुम्हीच, म्हणून मालकीही आज तुमचीच आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकार यांच्या वाट्याचा रॉयल्टी घेण्याचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही, तसे कलम करारात असेल तर ते टिकत नाही. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर ती मुदत पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण कंपन्यांच्या छापील मसुद्यांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द असतात ते याच तरतुदींना वळसा घालण्यासाठी. तुमच्या मसुद्यात ते शोधा.

तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. घरची जबाबदारी अंगावर असेल आणि कंपनी दरमहा निश्चित रक्कम देत असेल, तर सगळे नाकारा असे मी म्हणणार नाही. अशा वेळी हक्कांची मुदत सात वर्षांवर बांधून घ्या, म्हणजे त्यानंतर मुद्रणे परत मिळतील, आणि दरमहा एक गाण्याऐवजी वर्षाला चार असे मागा. पसंत न पडलेले गाणे कंपनीने घेतले नाही तर ते तुमचे राहील हेही लिहून घ्या. पैसे नाममात्र असतील आणि कंपनी फक्त ‘प्रसिद्धी’ देणार असेल, तर ते काम आज तुम्ही घरबसल्या करू शकता आणि सही करण्याचे काहीच कारण मला दिसत नाही. दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही: तुमच्या जोडीचे नाव कोणाचे? उद्या तुमचे आणि मावसभावाचे पटले नाही तर ते कोणी वापरायचे, आणि जुन्या गाण्यांचे पैसे कसे वाटायचे, हे दोघांनी आजच एका कागदावर लिहून सह्या करा. भाऊ आहोत, कागद कशाला, असे म्हणणाऱ्या तीन जोड्या माझ्या स्टुडिओत फुटल्या आहेत.

हेल्मेटांसाठी बाजूला ठेवलेल्या छत्तीस हजारांत कॉपीराइटचे काम जाणणारा वकील हा मसुदा नीट वाचून देईल. त्याच्याकडे जाण्याआधी मालकी आणि मुदत यांची कलमे कंपनीचे नाव झाकून मला दाखवा, कोणते शब्द बदलून मागायचे ते मी खुणा करून देईन. आणि दुसऱ्या ट्रॅकमधली अकरा वाद्ये तेवढी पाचावर आणा.